स्वर्गातील बंड आणि मानवाचे स्थान : ‘पॅरडाइज लॉस्ट’मधील एका प्रश्नाचा विचार

मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यासंबंधी गेली दोन शतके जो वाद चालू आहे, तो बहुतांशी सैतानाभोवतीच फिरत राहिला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्लेकने कवीला नकळत सैतानाच्या पक्षाचा ठरविले. १८२१ मध्ये शेलीने सैतानाची नैतिक श्रेष्ठता प्रतिपादिली. पुढे १९४२ मध्ये सी. एस. लुइस यांनी या मताचा कठोर प्रतिवाद केला, आणि १९६१ मध्ये एम्पसन यांनी उलट बाजूने ईश्वरालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. या सर्व टीकाकारांची मते परस्परविरोधी असली, तरी एका बाबतीत त्यांच्यात साम्य आहे. वाद ईश्वर आणि सैतान या दोन पक्षांचा आहे असे ते गृहीत धरतात, आणि तिसरा जो मानव, तो बहुधा साक्षीदाराच्या जागी उरतो. वास्तविक काव्याच्या पहिल्याच ओळीत कवीने मानवाची अवज्ञा हा आपला विषय म्हणून सांगितला आहे. स्वर्गातील बंडाच्या कथेत मानवाचे नेमके स्थान कोणते, हा प्रश्न म्हणूनच गौण नव्हे. बंडाचा अर्थच त्यावर अवलंबून आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, बायबलमध्ये ही कथा सलगपणे कोठेही आलेली नाही. ‘उत्पत्ती’त सर्प आहे, पण तो सैतान होय असे तेथे म्हटलेले नाही. ‘यशया’च्या चौदाव्या अध्यायातील आकाशातून पडलेला पहाटेचा तारा हा मुळात बाबेलच्या राजाला उद्देशून योजलेला उपरोध आहे, लॅटिन भाषांतरातील ‘लूसिफर’ या शब्दामुळे पुढे ते पतित देवदूताचे नाव बनले. मीखाएल आणि अजगर यांचे युद्ध ‘प्रकटीकरणा’त आहे, आणि पाप केलेल्या देवदूतांचा उल्लेख पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आहे. या विखुरलेल्या धाग्यांतून कथा विणली ती नंतरच्या भाष्यकारांनी. ती विणताना त्यांना एका प्रश्नाचे उत्तर देणे भागच होते : देवदूतांनी बंड केले ते कशासाठी?

या प्रश्नाला परंपरेत प्रामुख्याने दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर मत्सराचे. ‘आदाम आणि हव्वा यांचे चरित्र’ या बायबलबाह्य प्राचीन ग्रंथात, मानवाला वंदन करण्याची आज्ञा झाली असता सैतान ती नाकारतो. आपण आधी निर्माण झालो, तेव्हा मानवानेच आपल्याला वंदावे, असा त्याचा दावा आहे. कुराणातील इब्लीसची कथा याच जातीची होय. या मतानुसार मानव हा बंडाचे कारण ठरतो. दुसरे उत्तर गर्वाचे. ऑगस्टीनच्या मते मत्सर हा गर्वाचा परिणाम आहे, मूळ नव्हे. देवदूताने ईश्वराकडे पाठ फिरवून स्वतःलाच आपला आधार मानले, हेच त्याचे पतन. हे मत पाश्चात्त्य चर्चमध्ये रूढ झाले आणि बंड मानवाच्या आधीचे ठरले. पण त्यामुळे नवा प्रश्न उभा राहिला : मग मानव कशासाठी? पतित देवदूतांची रिकामी झालेली संख्या भरून काढण्यासाठी, असे एक उत्तर ऑगस्टीनच्याच लेखनात सापडते. १०९८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात ॲन्सेल्मने या मताची छाननी केली. मानव केवळ दुसऱ्यांच्या जागा भरण्यासाठी निर्माण झाला असेल, तर त्याला स्वतःचे प्रयोजन राहत नाही, आणि दुसऱ्याच्या पतनावर आपले सौख्य उभे राहावे ही स्थितीही विपरीत होय, हे त्याने ओळखले होते.

मिल्टनपुढे हा सारा वारसा होता. बंडाचे निमित्त म्हणून त्याने मानवाची निवड केली नाही. पाचव्या सर्गात पुत्राचा अभिषेक जाहीर होतो आणि तो सहन न होऊन सैतान उठतो. मानवाची निर्मिती येते ती सातव्या सर्गात, युद्ध संपल्यावर. वरवर पाहता हे भरपाईचेच मत वाटते. ईश्वर झालेल्या हानीची पूर्ती करण्याविषयी बोलतोही. परंतु त्याच भाषणात, स्वर्गात अजून पुरेसे देवदूत आहेत, आणि स्वतःहून गमावलेल्यांचे जाणे ही हानी म्हणावी की नाही हेही ठरलेले नाही, असे सूचित केलेले आहे. शिवाय नव्या मानवजातीचा निवास स्वर्गात नव्हे, पृथ्वीवर आहे. दीर्घ आज्ञापालनाच्या कसोटीतून तिने स्वतः वर येण्याचा मार्ग उघडावयाचा आहे. म्हणजे मानवाला रिकामे आसन दिलेले नाही, वाटचाल दिलेली आहे. देवदूताचे जीवन ही एक स्थिती असेल, तर मानवाचे जीवन ही एक गती आहे.

हा भेद पतनानंतर अधिकच निर्णायक ठरतो. दमास्कसच्या योहानाच्या आधारे थॉमस अक्वायनसने असे मांडले की, माणसाला जसा मृत्यू, तसे देवदूताला पतन : त्यानंतर पालट नाही. देवदूताचे ज्ञान एकदम पूर्ण असते, म्हणून त्याचा निर्णयही एकदाच होतो. मानव मात्र तुकड्यातुकड्यांनी जाणतो, फसतो, आणि म्हणूनच परतूही शकतो. अखेरीस सर्वांचेच पुनःस्थापन होईल, ही ओरिजेनशी निगडित कल्पना सहाव्या शतकात चर्चने नाकारली.

येथे मराठी वाचकाने विशेष सावध राहिले पाहिजे. ही कथा मराठीला नवी नाही. मिल्टन सात-आठ वर्षांचा असताना, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स या दुसऱ्या एका इंग्रजाचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे छापले गेले, आणि त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हाच शब्द आला. वैकुंठातून पतन म्हटले की भागवताच्या श्रोत्याला जयविजय आठवणार. परंतु सनकादिकांच्या शापाने खाली आलेले ते द्वारपाल तीन जन्मांच्या वैरानंतर स्वस्थानी परततात. तेथे विरोधही भक्तीचाच एक मार्ग ठरतो. ख्रिस्ती कथेत पतित देवदूताला अशी परतीची वाट नाही. ती आहे केवळ मानवाला. शब्द एक असला, तरी त्यामागील विश्वरचना भिन्न आहे, आणि सैतानाविषयी आपल्याला सहज वाटणाऱ्या सहानुभूतीत या भिन्नतेचे विस्मरण काही अंशी मिसळलेले असते.

मिल्टनच्या तिसऱ्या सर्गात ईश्वर याच भेदाचे कारण सांगतो : देवदूत स्वतःच्याच प्रेरणेने पडले, मानव दुसऱ्याच्या फसवणुकीने पडेल, म्हणून कृपा मानवाला. परंतु या युक्तिवादात एक अडचण आहे, आणि ती कवीनेच उभी केली आहे. नवव्या सर्गात हव्वा फसते. आदाम फसत नाही. तो जाणूनबुजून फळ खातो, असे कवी स्पष्ट सांगतो. मग त्याला क्षमा कोणत्या आधारावर? तिसऱ्या सर्गातील तर्क त्याच्यापर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

या अडचणीचे उत्तर सिद्धान्तात नसले, तरी काव्याच्या रचनेत आहे, असे मला वाटते. चौथ्या सर्गात सैतानही पश्चात्तापाचा विचार करतो. पण शरणागती म्हणजे अनुयायांपुढे लाज, या विचाराने तो मागे फिरतो. तो अगदी एकटा असतानाही त्याच्या मनापुढे सभा असते. दहाव्या सर्गात आदाम आणि हव्वा एकमेकांवर दोषारोप करीत असताना हव्वा आदामाच्या पायांशी येते आणि सारी शिक्षा आपल्या एकटीवर यावी असे मागते. काव्यात असे पुढे होणे याआधी दोनदा घडले आहे. दुसऱ्या सर्गात सैतान पृथ्वीच्या शोधाचे साहस एकट्याने पत्करतो, ते आपले सिंहासन दृढ करण्यासाठी. तिसऱ्या सर्गात पुत्र मानवाचा मृत्यू स्वतःवर घेतो, तो प्रेमापोटी. हव्वेचे शब्द पुत्राच्या शब्दांचे पडसाद आहेत. तिला ते ठाऊक नाही, हेच महत्त्वाचे. ज्या स्वर्गीय सभेत ती कधी गेली नाही, तेथील सर्वोच्च कृती ती धुळीत बसून करते. पुढे अकराव्या सर्गाच्या आरंभी कवी या पश्चात्तापाचे मूळ ईश्वरी कृपेतच दाखवितो. परंतु ती कृपा स्वीकारू शकेल असे हृदय मानवाचेच आहे.

तात्पर्य, या कथेत मानव बंडाचे कारण नाही, आणि पतितांच्या जागेवरची बदलीही नाही. देवदूताहून उणा असल्यामुळेच तो परतू शकतो. त्याचे उणेपण हीच त्याच्या उद्धाराची वाट ठरते. सैतानाच्या भव्यतेने वाचक दिपतो, यात नवल नाही, आणि त्या भव्यतेचे श्रेय कवीचेच आहे. पण स्वर्गातील युद्ध काव्यात येते ते राफाएलने आदामाला सांगितलेली गोष्ट म्हणून. श्रोता मानव आहे. आणि काव्य संपते तेव्हा सिंहासने, सेना व रणवाद्ये कोठेच दिसत नाहीत. दिसतात ती हातात हात घालून, मंद पावलांनी बागेबाहेर पडणारी दोन माणसे. टीकेने आपली दृष्टी त्या दोघांवर पुन्हा स्थिर केल्याखेरीज बंडाचाही अर्थ नीट लागणार नाही.