नाट्योपचार : विरेचन कीं विश्रांति ?

नाटक पाहून मन हलकें होतें, हें सांगण्यासाठीं कोणा मानसशास्त्रज्ञाची साक्ष काढण्याचें कारण नाहीं. रात्रभर संगीत नाटक ऐकून पहांटे घरीं परतणाऱ्या आपल्या पणजोबांना तें ठाऊक होतें, आणि भरतमुनींना तर त्याहून किती तरी आधीं. परंतु गेल्या शंभर वर्षांत या साध्या अनुभवाला एक निराळेंच वळण लागलें आहे. नाटक पाहून नव्हे, तर स्वतः करून रोग्यानें बरें व्हावें. वैद्यानें सूत्रधार व्हावें आणि रुग्णालयांतली एखादी खोली हीच रंगभूमि समजावी, असें म्हणणारा एक पंथ युरोप-अमेरिकेंत उभा राहिला व पुढें त्याचा रीतसर व्यवसाय झाला. इंग्लंडांत तर नाट्योपचारक ही पदवी नोंदणीवांचून लावणें कायद्याला मान्य नाहीं. आपल्याकडेहि मानसोपचाराच्या शिबिरांतून भूमिका वठवण्याचे खेळ होऊं लागले आहेत. असें असतां साहित्याच्या टीकाकारानें या विषयापासून दूर राहावें, हें मला पटत नाहीं. नाटक औषध म्हणून वापरलें कीं तें नाटक उरतें काय, हा प्रश्न वैद्यांचा नव्हे, आमचा आहे; आणि त्याचें उत्तर चुकलें तर किंमत मात्र रोग्याला मोजावी लागते.

या साऱ्या पंथाच्या मुळाशीं ॲरिस्टॉटलचा एक शब्द आहे. शोकान्तिका करुणा व भीति यांच्या द्वारें त्या विकारांचें 'कॅथार्सिस' घडवते, एवढें सांगून आपल्या काव्यशास्त्रांत तो पुढें मौन धरतो. त्या मौनावर पंडितांनीं जितकी शाई खर्च केली तितकी दुसऱ्या कशावर क्वचितच झाली असेल. कोणी त्याचा अर्थ शुद्धि असा केला, कोणी विकारांचें नियमन असा. १८५७ मध्यें याकोब बर्नेज या जर्मन पंडितानें ठासून सांगितलें कीं हा शब्द वैद्यकांतला आहे. सांचलेला विकार बाहेर टाकून हलकें होणें हाच त्याचा अर्थ. याच बर्नेजची पुतणी मार्था पुढें सिग्मंड फ्रॉइडची पत्नी झाली, आणि १८९५ मध्यें ब्रॉयर व फ्रॉइड यांनीं हिस्टेरियावरील आपल्या ग्रंथांत स्वतःच्या उपचाराला हेंच नांव दिलें. सोयरिकीनें सिद्धान्त सिद्ध होत नाहीं हें खरें. पण एखादा शब्द कोणत्या घरांतून कोणत्या घरांत गेला हें पाहणें मौजेचें असतें.

मराठी टीकाकारांनीं या शब्दाला 'विरेचन' हा प्रतिशब्द दिला. तो वरवर दिसतो त्याहून फार अर्थपूर्ण आहे. आयुर्वेदांत विरेचन म्हणजे नुसता जुलाब नव्हे. त्यापूर्वीं स्नेहन व स्वेदन करून दोष सुटे करावे लागतात. नंतर पेया, विलेपी अशा क्रमानें रोग्याला हळूहळू नेहमींच्या जेवणावर आणावें लागतें. पूर्वकर्म व पश्चात्कर्म यांवांचून विरेचन देतो तो वैद्यच नव्हे. आम्हीं शब्द उचलला. क्रम मात्र वैद्याच्याच घरीं राहिला.

हें ध्यानांत ठेवून याकोब लेव्ही मोरेनो याच्याकडे वळावें. बुखारेस्ट येथें १८८९ मध्यें जन्मलेला हा डॉक्टर 'सायकोड्रामा' म्हणजे मनोनाट्य या पद्धतीचा जनक. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नांत त्यानें उत्स्फूर्त नाटकांची एक मंडळी चालवली. संहिता नाहीं, पाठांतर नाहीं. ऐन वेळीं सुचेल तें बोलावयाचें. त्याच्या ग्रंथांत बार्बरा या नांवानें वावरणारी नटी भोळ्याभाबड्या, सात्त्विक नायिकांच्या भूमिकांसाठीं प्रसिद्ध होती. जॉर्ज नांवाचा एक कवि तिच्यावर लुब्ध झाला आणि त्यांचें लग्न झालें. कांहीं दिवसांनीं तो कवि मोरेनोकडे गाऱ्हाणें घेऊन आला : रंगभूमीवर देवता भासणारी ही बाई घरीं आली कीं शिवीगाळ करते, अंगावर धावून येते. मोरेनोनें त्याच रात्रीं बार्बराला एका रस्त्यावरच्या वेश्येची भूमिका दिली. शेवटीं तिचा खून व्हावयाचा. ती भूमिका तिनें इतक्या आवेशानें केली कीं प्रेक्षक थक्क झाले. मग तशाच भूमिकांचा रतीब सुरू झाला. घरीं भांडणाला तोंड लागलें कीं रंगभूमीवरचा प्रसंग आठवून तिला मध्येंच हंसूं येतें, असें जॉर्ज सांगूं लागला. शेवटीं मोरेनोनें दोघांनाहि रंगभूमीवर आणलें, आणि त्यांनीं आपल्याच घरचे प्रसंग लोकांसमोर करून दाखवले.

मोरेनो ही कथा एखाद्या पुराणिकाच्या थाटांत सांगतो, आणि ती ऐकतांना आपणहि मान डोलवूं लागतों. परंतु १९८९ मध्यें रने मारिनो या त्याच्या चरित्रकारानें या दोन पात्रांमागचीं खरीं माणसें उजेडांत आणलीं. त्या कवीनें पुढें आत्महत्या केली होती. ती या खेळांमुळें केली असें कोणी म्हणणार नाहीं, म्हणूंहि नये. पण ज्या कथेवर एक उपचारपद्धति आपला पाया सांगते, तिच्यांत पश्चात्कर्माचें पान कोरें असावें, ही गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. तेथें आपल्याला दिसतो तो प्रयोग, आणि त्या प्रयोगावर खूष असलेला सूत्रधार. नाटककाराला शेवट साधला कीं पडदा पाडतां येतो. वैद्याला ती सोय नाहीं.

मोरेनोला हें पुढें उमगलें असावें, असें त्याच्या नंतरच्या कामावरून म्हणतां येतें. १९२५ मध्यें तो अमेरिकेंत गेला. १९३६ मध्यें न्यूयॉर्क राज्यांतील बीकन येथें त्यानें आरोग्यधाम काढलें व त्यांत खास रंगमंच बांधला. तेथें जी पद्धति स्थिर झाली तिचे तीन भाग आहेत. प्रथम मंडळींची तयारी, मग मुख्य खेळ, आणि शेवटीं, हा भाग फार महत्त्वाचा, पाहणाऱ्या प्रत्येकानें आपल्या आयुष्यांतलें तसेंच कांहीं सांगावयाचें. सल्ला द्यावयाचा नाहीं, निवाडा करावयाचा नाहीं. स्नेहन-स्वेदन, विरेचन, पेया-विलेपी हा क्रम व्हिएन्नाच्या डॉक्टरला वेगळ्या वाटेनें सांपडला, असेंच म्हणावें लागतें. खेळांतली त्याची एक युक्ति तर कोणत्याहि नाटककारानें हेवा करावा अशी आहे : भूमिकांची अदलाबदल. सासूशीं भांडणाऱ्या सुनेनें भांडणाच्या ऐन भरांत खुर्ची बदलून सासू व्हावें आणि आतांच आपण बोललेल्या शब्दांना सासूच्या तोंडानें उत्तर द्यावें. जें घरांत वर्षानुवर्षें ऐकूं आलें नाहीं, तें आपल्याच तोंडून ऐकण्याचा हा प्रसंग असतो.

येथें रसवादी टीकाकार एक भारी आक्षेप घेईल, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाहीं. अभिनवगुप्तानें रसास्वादाचीं जीं विघ्नें सांगितलीं आहेत, त्यांत स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होणें हें एक आहे. रंगभूमीवरचा शोक माझा नसतो, तुमचा नसतो, किंबहुना रामाचाहि उरत नाहीं. तो साधारण होतो म्हणूनच आस्वाद्य होतो. मनोनाट्य तर नेमकें उलट सांगतें : हा शोक तुझाच आहे, नांवगांवासकट तो येथें मांड. म्हणजे शास्त्रकारांनीं जें विघ्न मानलें, त्याचीच येथें पद्धति झाली. मग याला नाट्य म्हणावें कीं नुसती कबुली ?

गंमत अशी कीं हा आक्षेप पुढें खुद्द उपचारकांनींच घेतला. एडवर्ड बुलो यानें १९१२ मध्यें सौंदर्यानुभवासाठीं मानसिक अंतराची आवश्यकता मांडली होती. थॉमस शेफ या समाजशास्त्रज्ञानें १९७९ मध्यें तो विचार विरेचनाला लावला, आणि अमेरिकन नाट्योपचारक रॉबर्ट लँडी यानें त्याच अंतरावर आपली भूमिकापद्धति उभारली. अंतर अगदींच नसेल तर रोगी जुन्या दुःखांत पुन्हां बुडतो, जखम उघडते पण भरत नाहीं. अंतर फार झालें तर तो पोपटासारखा बोलतो व कोरडा राहतो. रडूं यावें, आणि आपण रडत आहों हेंहि कळावें, असा मधला बिंदु सूत्रधारानें शोधावयाचा असतो. म्हणून या पंथाचे लोक रोग्याला स्वतःची कहाणी सांगावयास न लावतां राजा, भिकारी, राक्षस, वाट चुकलेलें मूल अशी एखादी भूमिका देतात. ज्याला साधारणीकरण हा शब्दहि ठाऊक नाहीं, त्याला रोग्याच्या खाटेशेजारीं बसून त्याची गरज भासावी, यापेक्षां त्या सिद्धान्ताचा मोठा गौरव मला तरी दिसत नाहीं. भरतानेंहि दुःखार्तांना व श्रमार्तांना नाट्यापासून विश्रांति मिळेल असें म्हटलें. आरोग्य मिळेल असें म्हटलें नाहीं. हा शब्द त्यानें तोलून वापरला आहे.

पण रोग्याचें नाटक पाहणारे ते कोण, हा प्रश्न अजून उरतो. पॅरिसजवळच्या शाराँताँ येथील वेड्यांच्या इस्पितळांत कूल्मिये हा संचालक रोग्यांच्या मनोरंजनासाठीं व उपचारासाठीं नाटकें करवीत असे, आणि त्यांची व्यवस्था पाहत असे १८०३ ते १८१४ पर्यंत तेथें कोंडलेला कुप्रसिद्ध लेखक मार्की द साद. पॅरिसचे प्रतिष्ठित लोक गाड्या जुंपून हे प्रयोग पाहावयास जात. रुआये-कोलार या मुख्य वैद्यानें १८०८ मध्यें सरकारकडे त्याविरुद्ध लिहिलें, आणि १८१३ मध्यें प्रयोग बंद पडले. पुढें त्याच इस्पितळाचा मुख्य वैद्य झालेल्या एस्किरोलनेंहि त्यांची कठोर निंदा केली : येथें रोग्यांवर उपचार होत नव्हता, लोकांची करमणूक होत होती. रुआये-कोलारचा रोख सादच्या दुर्लौकिकावर अधिक होता हें मान्य करूनहि एस्किरोलचा मुद्दा आजहि तसाच उभा आहे. तिकीट काढून आलेला मनुष्य रोग्याच्या दुःखाचा वांटेकरी नसतो. तो रसिक असतो, आणि अशा ठिकाणीं रसिकता ही क्रूरतेची चुलत बहीण ठरते.

तिचें मराठींतलें सर्वांत भेदक चित्र विजय तेंडुलकरांच्या 'शांतता ! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकांत आहे. एक हौशी नाटकमंडळी वेळ घालवण्यासाठीं आणि नवख्या सामंताला कोर्टाची रीत कळावी म्हणून खोटा खटला उभा करते. लीला बेणारे ही शिक्षिका आरोपी होते, हंसत हंसत. खेळ म्हणूनच तर तिनें मान्यता दिलेली असते. मग एकेक साक्षीदार खेळाच्या आडून तिचें खासगी आयुष्य उघडें करीत जातो, आणि भूमिका व व्यक्ति यांमधलें अंतर शून्य होतें. पूर्वकर्म नाहीं, संमति खेळापुरती घेतलेली, आणि सूत्रधाराच्या जागीं न्यायाधीश. शेवटचें तिचें दीर्घ स्वगत हें नाट्योपचाराच्या दृष्टीनें अत्यंत बोलकें आहे. कारण ती बोलत असतांना भोंवतालचीं सारीं माणसें थिजलेलीं असतात. तिचें म्हणणें ऐकतो तो आपण, प्रेक्षागृहांतला प्रेक्षक. ज्यांनीं ऐकावयास हवें त्यांच्या कानीं एक शब्दहि पडत नाहीं. कला म्हणून तो क्षण पूर्ण आहे. माणूस म्हणून बेणारे तशीच पडून राहते. नाट्योपचाराचें शिक्षण देणाऱ्यांनीं हें नाटक पहिल्या दिवशीं वाचावयास द्यावें, असें मला मनापासून वाटतें.

या उपचाराचा गुण किती येतो, हेंहि विचारलें पाहिजे. छिन्नमनस्कतेवरील नाट्योपचाराच्या परीक्षणांचा २००७ मध्यें एक काटेकोर आढावा घेतला गेला. कसोटीला उतरणारे प्रयोग अवघे पांच निघाले, आणि त्यांवरून अनुकूल वा प्रतिकूल कोणताच निर्णय देतां येत नाहीं असें ठरलें. उत्साही मंडळींनीं हें लपवूं नये, आणि उपहास करणाऱ्यांनीं यावरून विजयाचे नगारेहि वाजवूं नयेत.

माझ्या मतें या क्षेत्रांतला सर्वांत विचार करण्याजोगा प्रयोग उपचार असें नांवहि न घेतां झाला. २००८ मध्यें ब्रायन डोरीस या दिग्दर्शकानें अमेरिकन नौसेनेच्या लढवय्यांपुढें सोफोक्लीझच्या 'अजॅक्स' व 'फिलोक्टेटीझ' या नाटकांतले प्रवेश नटांकडून नुसते वाचून घेतले. वेष नाहीं, नेपथ्य नाहीं. अजॅक्स हा ट्रोजन युद्धांतला वीर. मान न मिळाल्यानें संतापतो, वेडाच्या भरांत शत्रु समजून गुरेंमेंढरें कापतो, शुद्धीवर येतांच लाजेनें तरवारीवर पडतो. वाचन संपल्यावर इराक-अफगाणिस्तानांतून परतलेले सैनिक आणि त्यांच्या बायका बोलूं लागल्या, आणि तें बोलणें कित्येक तास थांबलें नाहीं. बायकांना वाचा फोडली ती टेक्मेसानें. बदललेल्या अजॅक्सबरोबर एका तंबूंत दिवस काढणारी ही स्त्री. इतके दिवस टीकाकारांनीं तिच्याकडे दुय्यम पात्र म्हणूनच पाहिलें होतें. सोफोक्लीझ स्वतः सेनापति होता आणि त्याचे प्रेक्षकहि बहुतेक लढून आलेले नागरिक होते, हें येथें विसरूं नये.

'अजॅक्स'वर एक जुना आक्षेप आहे. नायक नाटकाचा बराच भाग शिल्लक असतांना मरतो, आणि उरलेलें सारें त्याच्या प्रेताला मूठमाती द्यावी कीं नाहीं या वादांत जातें. म्हणून नाटक मध्यें मोडलें आहे, असें पिढ्यान् पिढ्या सांगण्यांत आलें. त्या सैनिकांच्या बायकांना तें मोडलेलें वाटलें असतें असें मला वाटत नाहीं. नायकाचें मरण हा तेथें शेवट नाहींच. प्रेताजवळ कोण बसेल, पोराला कोण सांभाळील, सावत्र भाऊ ट्यूसर कोणाकोणाशीं भांडेल, आणि ज्या ओडिसियसमुळें हें सारें घडलें तोच येऊन दफनाच्या बाजूनें कसा बोलेल, हें सोफोक्लीझ घाई न करतां दाखवीत बसतो. अगदीं अखेरीस ट्यूसर त्या लहानग्या मुलाला जवळ बोलावतो आणि बापाचें शरीर उचलण्यास, असेल तेवढ्या बळानें, हात लाव म्हणून सांगतो.