अध्याहृत कर्ता : वन्यजीव रक्षणाचा एक इंग्रजी धडा

इंग्रजीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत वन्यप्राण्यांच्या रक्षणावर एखादा धडा असतोच. इंग्रजीचे शिक्षक त्यातले नवे शब्द आणि व्याकरण शिकवतात. आशय विज्ञानाचा आहे, तो विज्ञानाच्या तासाला होईल, असे गृहीत धरतात. विज्ञानाच्या शिक्षकांना तर असा धडा आहे हेच पुष्कळदा माहीत नसते. त्यामुळे धड्यात सांगितले आहे ते नीट जुळते का, पुरेसे आहे का, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. तो विचारला तर काय हाती लागते, हे एका धड्याच्या आधारे पाहू.

हा धडा आपल्याकडचा नाही, चीनमधला आहे. पीपल्स एज्युकेशन प्रेसच्या २०१९ च्या आवृत्तीत, उच्च माध्यमिक शाळेच्या इंग्रजीच्या दुसऱ्या अनिवार्य पुस्तकात वन्यजीव रक्षण हा एक घटक आहे. त्यातला मुख्य वाचनपाठ म्हणजे 'अ डे इन द क्लाउड्स'. पंधरा-सोळा वर्षांची मुले तो वाचतात. त्यांनाही इंग्रजी ही परकीच भाषा, त्यामुळे तिथल्या शिक्षकाची अडचण आपल्याला परिचयाची आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. धड्यातल्या प्राण्याच्या कहाणीचा मोठा भाग भारतात घडला, आणि नेमका तोच भाग धड्यात नाही.

धडा काय सांगतो?

निवेदक तिबेटच्या पठारावर, विरळ हवेत दमत-थांबत चिरूंचा कळप पाहायला जातो. चिरू म्हणजे तिबेटी कुरंग. (दिसतो हरणासारखा, पण जनुकीय अभ्यासानुसार त्याचे जवळचे नाते शेळ्या-मेंढ्यांशी आहे.) सोबत चांगथांग अभयारण्यात काम करणारा जाशी नावाचा वाटाड्या आहे, हे आपल्या ओळखीचे 'ताशी' हेच तिबेटी नाव. त्याला ही भूमी पवित्र वाटते. प्राण्यांना वाचवणे म्हणजे खरे तर स्वतःला वाचवणे, अशी त्याची धारणा आहे. मग धडा मागे जातो. १९८० आणि १९९० च्या दशकांत चिरूंची संख्या निम्म्याहून अधिक घटली. शिकारी नफ्यासाठी त्यांना मारत होते, रस्ते आणि लोहमार्ग झाल्याने अधिवास आक्रसत होता. सरकारने संरक्षण दिले, स्वयंसेवकांनी रात्रंदिवस पहारा केला, प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून पूल आणि फाटके बांधली. संख्या वाढली आणि जून २०१५ मध्ये चिरू संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. धोका टळलेला नसल्याने संरक्षण मात्र चालूच आहे. शेवटी रात्री चांदण्यांखाली निवेदकाच्या मनात येते की, आपली जगण्याची रीतच बदलायला हवी.

धडा म्हणून हा चांगला आहे, हे आधी मान्य करायला हवे. अशा धड्यांत सहसा प्राण्यांची नुसती यादी असते. इथे एक प्राणी, एक प्रदेश आणि एक माणूस आहे. पुष्कळ धडे रडगाण्यावर संपतात आणि 'आता काही होणे नाही' असा अर्थ मुले काढतात; इथे प्रयत्नांना यश आलेले दिसते. त्या यशाचा जयजयकारही धडा करत नाही. उणीव आहे ती कार्यकारणाची.

गिऱ्हाईक कुठे आहे?

या घटकाचे व्याकरण आहे चालू वर्तमानकाळातला कर्मणी प्रयोग. विषयाला ते साजेसेच आहे, कारण प्राण्यांच्या बाबतीत सगळे काही 'केले जात' असते. पण या प्रयोगात कर्ता गाळता येतो. आपल्या मुलांना ही सोय चांगली ठाऊक असते. हातून कप फुटला की मूल 'मी कप फोडला' असे म्हणत नाही, 'कप फुटला' म्हणते. हा कर्मणी प्रयोग नव्हे, पण युक्ती तीच. कर्ता वाक्याबाहेर उभा.

धड्यात शिकारी आहेत, पण ते नफा कोणाकडून मिळवत होते? लोकर मौल्यवान आहे असे धडा सांगतो. ती कोणाला मौल्यवान होती? हा कर्ता अध्याहृतच राहतो.

या लोकरीचे नाव शहातूश. हिवाळ्यातल्या कडाक्याच्या थंडीसाठी चिरूच्या अंगावर राठ केसांखाली अत्यंत तलम लोकर वाढते. काश्मीरचे कसबी विणकर तिच्या शाली विणत. अंगठीतून आरपार जाणारी शाल ती हीच. एका शालीला तीन ते पाच चिरूंची लोकर लागते. झुडपांना अडकलेली, आपोआप गळलेली लोकर लोक गोळा करून आणतात, असे व्यापारी सांगत. ते खोटे असल्याचे प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्या तिबेटमधल्या कामातून उघड झाले. चिरूला मारून, कातडे सोलून लोकर काढली जात होती. पुढे ती चोरट्या मार्गांनी काश्मीरला पोहोचे आणि शाली युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या खांद्यांवर जात. बदल्यात भारतातून वाघाची हाडे तिकडे जात, असेही १९९० च्या दशकात तपास करणाऱ्यांनी नोंदवले आहे. म्हणजे चिरूचे मरण आणि आपल्या वाघाचे मरण एकाच व्यवहारात गुंतले होते.

कायदा नव्हता असे नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत चिरू १९७९ पासूनच होता. भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. पण जम्मू-काश्मीरचा कायदा वेगळा होता आणि तिथे चिरूला पूर्ण संरक्षण मिळायला २००२ साल उजाडले. त्याचा भार विणकरांच्या रोजीरोटीवर पडला, हेही सांगायला हवे. ही साखळी दाखवल्याशिवाय शिकारी हे आकाशातून पडलेले दुष्ट लोक वाटतात.

पहारेकऱ्यांचेही तसेच. रात्रंदिवस पहारा केला, एवढ्यावर त्यांचा विषय संपतो. होह शिल भागात शिकारीविरुद्ध गस्तीपथक उभे करणारे सोनम दार्ग्ये हे स्थानिक तिबेटी अधिकारी जानेवारी १९९४ मध्ये चोरट्या शिकाऱ्यांच्या गोळीबारात मारले गेले. संरक्षणाची किंमत काय असते, हे या एका नोंदीने मुलांना कळले असते.

आधी काय, नंतर काय?

संख्या घटण्याची धडा दोन कारणे देतो : शिकार आणि रस्ते-लोहमार्ग. ती एकाच परिच्छेदात, एकाच काळातली म्हणून येतात. पण चिरूंच्या स्थलांतराची वाट ओलांडणारा गोलमुड-ल्हासा लोहमार्ग २००१ मध्ये बांधायला घेतला आणि जुलै २००६ मध्ये सुरू झाला. प्राण्यांसाठीचे ३३ मार्ग त्याच वेळचे. तिथला मुख्य रस्ता तर १९५४ पासूनच होता. मग १९८०-९० मधल्या घटीचे खापर या लोहमार्गावर कसे फोडता येईल?

विज्ञानाची साधी कसोटी अशी की परिणाम ज्या काळात दिसला, त्या काळात किंवा त्याआधी कारणात काहीतरी बदललेले असले पाहिजे. १९८० च्या दशकात काय बदलले? त्या निर्जन भागात सोन्याच्या शोधात माणसांची रीघ लागली, मोटारी आणि बंदुका आल्या, आणि शालींना जगभर गिऱ्हाईक मिळाले. त्यात चिरूच्या माद्या उन्हाळ्यात शेकडो किलोमीटर चालून ठरावीक जागी विण्यासाठी जमतात आणि मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. अशा जागी शिकारी पोहोचला की एका गोळीत दोन जीव जातात. घट इतक्या वेगाने का झाली, ते इथे समजते. लोहमार्ग हा पुढचा, संभाव्य धोका होता आणि त्यावर आधीच उपाय केला गेला. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्याने दोन्हींतला धडा हरवतो.

यादी म्हणजे काय?

'एन्डेंजर्ड' या शब्दाचा अर्थ बहुतेक वर्गांत 'धोक्यात असलेला' असा सांगून पुढे जातात. पण ही मोजमापाची संज्ञा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत निकष ठरलेले आहेत. दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात संख्या सुमारे ३० टक्के घटली तर प्रजाती संवेदनशील, ५० टक्के घटली तर संकटग्रस्त, ८० टक्के घटली तर अतिसंकटग्रस्त, असा त्यांतला एक निकष आहे. धड्यातल्या 'निम्म्याहून अधिक' या आकड्याला अर्थ येतो तो इथे. पण निम्मे कशाचे? शॅलर यांचा १९९० च्या दशकातला अंदाज ७५ हजारांहून कमी होता. २०१६ मध्ये संघाने एक ते दीड लाखाचा अंदाज दिला आणि चिरूला संकटग्रस्त वर्गातून संकटसमीप वर्गात नेले. म्हणजे लाल यादीतून तो बाहेर पडला नाही, दोन पायऱ्या खाली उतरला. धड्यातले साल मात्र २०१५ आहे आणि यादी कोणती ते सांगितलेले नाही. याद्या अनेक असतात, देशाची वेगळी, जगाची वेगळी, कायद्याची आणखी वेगळी. काळवीट लाल यादीत निश्चिंत वर्गात आहे, तरी आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला पूर्ण संरक्षण आहे. हा फरक दहावीच्या मुलाला सहज समजू शकतो.

वर्गात काय करावे?

जगण्याची रीत बदला, हा धड्याचा शेवट ऐकायला बरा वाटतो. पण चिरूसाठी नेमके काय बदलायचे होते? एका विशिष्ट शालीची हौस सोडायची होती. तो दुवाच धड्यात नसल्याने उपदेश अधांतरी राहतो आणि मुले वहीत 'आपण प्राण्यांवर दया केली पाहिजे' असे वाक्य लिहून मोकळी होतात.

दयेने भागत नाही, हे आपल्या गिधाडांनी दाखवले आहे. १९९० च्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली, पण मारणारा दिसेना. कर्त्याची जागा शास्त्रज्ञांनाही कित्येक वर्षे भरता आली नाही. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून उत्तर मिळाले. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. इथे कोणी दुष्ट नव्हता. आजारी बैलावर मायेने उपचार करणारा शेतकरी या साखळीत होता. 'क्रूर होऊ नका' या उपदेशाने एकही गिधाड वाचले नसते.

म्हणून एक सोपा स्वाध्याय सुचवावासा वाटतो. आपल्या पुस्तकातल्या अशा धड्यातली कर्मणी वाक्ये मुलांकडून कर्तरी करून घ्या. कर्ता धड्यात सापडला नाही तर अंदाजाने 'माणूस' असे लिहू देऊ नका, तिथे प्रश्नचिन्ह ठेवायला सांगा. शेजारी दोन रकाने आखा : 'कोणासाठी?' आणि 'त्याआधी काय बदलले?' व्याकरणाचा सराव तर होईलच. उरलेली प्रश्नचिन्हे इंग्रजीच्या शिक्षकांनी विज्ञानाच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांकडे घेऊन जावीत. त्यांतली काही तिथेही सुटणार नाहीत. ती वर्गाच्या भिंतीवर वर्षभर राहू द्यावीत. गिधाडांचे प्रश्नचिन्ह तर त्याहून कितीतरी जास्त काळ राहिले होते.