शिसवीचा ताळेबंद
आमच्या भाच्याने पहिल्या बोनसातून टेलर कंपनीची ८१४सीई गिटार घेतली. पाठ अन् बगला शिसवीच्या, म्हणजे आजोबांच्या कपाटाच्याच जातीच्या. कपाट आम्ही केव्हाच भंगारवाल्याला दिले!

या मालिकेचे पॉलिश २०१४ साली पातळ झाले. २०१८ साली पोटातल्या एक्स आकाराच्या आधारपट्ट्या जाऊन व्ही आकाराच्या आल्या. त्यामुळे लाकूड तारांच्या दिशेने ताठ, बाजूंना मोकळे. सूर लांबतो, वरच्या पडद्यांवरही बिघडत नाही. हिशेब पैशापैशाला जुळतो म्हणा ना!

“पण तो जुना, जरा गबाळा, घुमणारा खर्ज कुठाय रे?” असे मी विचारणार, तोच पोराने तार छेडली. सूर विरेपर्यंत कपाटाचे दार डोळ्यांसमोर उघडे राहिले. इतका वेळ जुन्या गिटारीने ते उघडे धरले नसते. शेरा मागे घेतला.