सुधाकराचे वतन

मीरा रोडच्या आमच्या घरी रविवारी संध्याकाळी पाच-सहा जण जमतात आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या या खेळात एक जण सूत्रधार असतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकतात. संहिता नसते. आमच्याकडे सूत्रधार बहुधा मीच.

दोन वर्षांपूर्वी मी घोडबंदरच्या किल्ल्यात ड्रॅक्युला आणून बसवला आणि प्रयोग साफ पडला. जागेत काही उणे नव्हते. खाडीकाठचा पोर्तुगीज किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला, पलीकडे वसई. ड्रॅक्युलाला क्रूसाची भीती, आणि उत्तन-डोंगरीकडे तर रस्त्याकडेला क्रूस उभे आहेत, म्हणजे तेही उसने आणायला नको. पण तासाभरात खेळाडूंनी लसूण, क्रूस, लाकडी खुंटी अशी यादी केली आणि वाण्याकडे जावे तसे ते सामान गोळा करायला निघाले. ब्रॅम स्टोकरची १८९७ची कादंबरी न वाचलेल्यालाही तिचा शेवट पाठ होता. भय कुठून येणार?

मग मी 'रेव्हनलॉफ्ट' नीट वाचायला घेतले. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याचे हे साहस १९८३ मध्ये आले. त्यातला काउंट श्ट्राड वरवर ड्रॅक्युलाच आहे : डोंगरावरचा वाडा, झगा, दात. आत मात्र दुसरेच काही भरले आहे. धाकट्या भावाची नवरी तात्याना हिच्यावर त्याचे मन गेले, लग्नाच्या दिवशी त्याने भावाला मारले आणि तिने तटावरून उडी घेतली. पुढे ती पुन्हापुन्हा जन्मते आणि दर वेळी त्याच्या हातून निसटते. शिवाय खेळाच्या सुरुवातीला पत्ते काढून काही गोष्टी ठरतात. लागणाऱ्या वस्तू कुठे दडल्या आहेत हे तर ठरतेच, पण या खेपेला श्ट्राडला काय हवे आहे तेही. स्टोकर पाठ असणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

१९९० मध्ये या एका वाड्याचे अनेक मुलूख झाले आणि वरची युक्ती नियम बनली. प्रत्येक खलपुरुषाला एक मुलूख मिळतो. मी त्याला वतन म्हणतो, कारण वतनदारासारखाच तो तिथला धनी असतो आणि तिथेच बांधलेलाही असतो. त्याला जे सर्वांत हवे ते त्याच मुलखात, हाताला लागेल न लागेल अशा अंतरावर ठेवलेले असते. तेव्हाच्या लामॉर्डियात मेरी शेलीचा फ्रॅन्केन्स्टाइन डॉक्टर मॉर्डनहाइम होऊन आला होता. पण वतन डॉक्टरकडे नव्हते, त्याने घडवलेल्या ॲडमकडे होते. या एका निर्णयात मला उत्तम समीक्षा दिसते. उलट मार्कोव्हियाचा मार्कोव्ह मला वेल्सच्या डॉक्टर मोरोची पाटी बदललेली आवृत्ती वाटतो. भारतीय वळणाचे कलाकेरी हे वतन २०२१च्या पुस्तकात नव्याने लिहिले गेले. तिथली खरी गोष्ट राक्षसांची नाही, राम्या, अरिजानी आणि रीव्हा या भावंडांतल्या गादीच्या भांडणाची आहे. भाऊबंदकी आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

रूपांतर मराठीला नवे नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, नारायण धारपांनी स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' 'लुचाई'त मराठी मुलखात आणली. या परंपरेत नावे, पोशाख, रीतिरिवाज बदलतात आणि नियती तशीच राहते. झुंझाररावाला ऑथेल्लोने केले तेच करावे लागते. नाटक-कादंबरीत ते योग्यच. खेळाला मात्र उलटे लागते : पात्राची भूक तशीच ठेवायची आणि शेवट सोडून द्यायचा. माझा ड्रॅक्युला पडला तो इथे. मी त्याला घोडबंदरचा पत्ता दिला आणि शेवट स्टोकरचाच ठेवला.

आणखी एक अडचण होती. ड्रॅक्युला थडग्यातून उठतो आणि आपल्याकडे बहुतेक घरांत दहन. आपली भुते राहिलेल्या विधीतून किंवा राहिलेल्या इच्छेतून येतात : मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुंजा, बाळंतपणात गेलेली अळवंत. मुंजाला पिंपळ ठरलेला, म्हणजे वतन आधीच आहे. वेताळपंचविशीचा वेताळ तर मला तयार खेळच वाटतो. राजा बोलला की वेताळ परत झाडावर, आणि उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शकले. हिकमन दांपत्याला याहून नेटका नियम सुचला असता असे वाटत नाही.

तरी मला भूत नको होते, गाजलेले पात्र हवे होते. शेवटी 'एकच प्याला'तला सुधाकर घेतला. गडकरी गेल्यावर १९१९ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले, बालगंधर्व सिंधू झाले आणि मराठी प्रेक्षक तिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या रडला. सुधाकराची भूक दारूची आहे असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. तो हुशार आणि मानी वकील आहे. मान दुखावतो तेव्हा तळीराम पहिला पेला पुढे करतो. भूक मानाची आहे, दारू नंतरची. म्हणून मी त्याला कचेरीचे गाव वतन दिले. तिथे रोज रात्री कोर्ट भरते. पहाटेपर्यंत पेल्याला हात लावला नाही तर सनद परत. मागे तळीराम उभाच. गडकऱ्यांनी त्याला विषाने सोडवले. या गावात विष चढत नाही.

नाटकाच्या जाणकार एका मित्राने हरकत घेतली : एका पेल्यानंतर परतीची वाट नाही हेच गडकऱ्यांचे म्हणणे, शेवट मोकळा केलास तर नाटक उरले कुठे? हरकत वजनदार आहे. मी इतकेच म्हणतो की प्रेक्षागृहात पेला सुधाकरापुढे येतो, इथे तो तुमच्यापुढे येतो. गडकऱ्यांची भाषा मात्र मला टेबलावर आणता आली नाही. ते नुकसान आहे आणि ते मी लपवत नाही.

सिंधू आमच्यातल्या एका मुलीने घेतली. ती रुग्णालयात परिचारिका आहे. नाटकात मूल गेल्यावर, स्वतः मरणाच्या दारात असताना, सिंधू फौजदारापुढे नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे बोलते. मी तेच धरून पुढचा सगळा प्रसंग बांधून ठेवला होता. फौजदार म्हणून मी प्रश्न विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "यांनीच मारलं." कोणी फासे उचलले नाहीत; शंका असेल तरच फासे.

माझी तयारी तिथे संपली. सुधाकर आता काय करील याचे उत्तर नाटकात नव्हते, ते त्याच्या भुकेतच शोधायला हवे होते. त्याला कोर्टात उभे राहायचे होते, मानाने. आता उभे राहायला मिळत होते, आरोपी म्हणून. मी त्याच्या तोंडी घातले की तो स्वतःचा खटला स्वतः चालवील. तळीरामाने पेला भरला.

तो घ्यायचा की नाही हे मी ठरवायचे नाही असे वाटले. तोवर सुधाकर माझ्याकडे होता. इथून पुढे तो कोण घेतो, म्हणून मी टेबलाभोवती विचारले. कोणी हात वर केला नाही.