रक्त कुणी प्यालं?

भुताच्या गोष्टी मी कधी वाचल्या नाहीत. त्यातलं भूत बहुतेक वाड्यातलं. आमची वस्ती मसणवटीला लागून; पण भ्या वाटायचं ते जित्या माणसांचं.

मग ज्युएल गोमेझ या काळ्या लेखिकेची 'द गिल्डा स्टोरीज' हाती आली. फायरब्रँड बुक्स या छोट्या स्त्रीवादी प्रकाशनानं ती १९९१ साली काढली. सुरुवात १८५० ची, लुइझियानात. मळ्यावरनं पळालेली गुलाम पोर तळघरात लपते. माग काढत आलेला गोरा अंगावर येतो, ती सुरी चालवते. रक्तपिपासू अजून यायचेच आहेत, आणि भय मात्र पुरतं भरलंय!

पुढं ही पोर स्वतःच रक्तपिपासू होते. पण माणूस मारत नाही. घोटभर रक्ताच्या बदल्यात काही देऊन जाते. मळेवाल्यानं काय दिलं होतं? राक्षस कोण, ते तुम्हीच ठरवा.

दोष आहे. कथा २०५० पर्यंत उड्या मारते, वीण सैल पडते. तरी वाचाच. शेजारी बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ठेवा. तिथं भूत नाही, अंधार तोच.

आपल्या अंधाराची गोष्ट आता आपणच लिहायची. मोठ्या प्रकाशकाची वाट कशाला बघायची?