प्रयोगाला शेजार लागतो

नलिनी मलानी हे नाव घेतले की आज आठवतात ती त्यांची व्हिडिओ-छायानाट्ये. २०१७ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राने त्यांचे पूर्वलक्ष्यी प्रदर्शन भरवले, तेव्हा ही कीर्ती जगभर पोचलेली होती. पण या कामाचे मूळ १९६९-७० च्या सुमाराला मुंबईत त्यांनी कॅमेऱ्याशिवाय केलेल्या छायाचित्रांत आणि काही लघुपटांत आहे. जे. जे. कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये चित्रकलेचे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडलेली एक तरुण चित्रकार डार्करूमकडे का वळली, याचे उत्तर सहसा तिच्या प्रतिभेत शोधले जाते. मला ते अपुरे वाटते. मुंबईतील प्रयोगशील छायाचित्रण घडले ते कलांच्या शेजारामुळे आणि सामायिक साधनांमुळे. ते दीर्घकाळ विस्मृतीत राहिले, कारण ते जपण्याची व्यवस्था या शहराने वेळेवर केली नाही.

त्या काळी छायाचित्रकाराला मुंबईत दोनच वाटा होत्या. एक वृत्तपत्रे, जाहिराती आणि स्टुडिओ यांची, दुसरी हौशी मंडळांच्या स्पर्धांची. त्या स्पर्धांत देखण्या प्रकाशातील निसर्गदृश्याला आणि व्यक्तिचित्राला मान असे. कला महाविद्यालयांत छायाचित्राला चित्राच्या बरोबरीचे स्थान नव्हते. मलानी वाढल्या त्या तिसऱ्याच जागी. विद्यार्थिदशेतच त्यांना वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये काम करायला खोली मिळाली. याच वास्तूत गायतोंडे आणि हुसेन यांनी चित्रे रंगवली, अल्काझींच्या नि पुढे सत्यदेव दुबे यांच्या नाटकांच्या तालमी झाल्या, रविशंकरांनी संगीताचे वर्ग चालवले. अशा ठिकाणी चित्रकाराला नाटकातला प्रकाश आणि संगीतातला काळ यांची ओळख रोजच्या वावरातून होते. हलणारी सावली हेच ज्यांच्या पुढच्या कामाचे माध्यम झाले, त्यांच्या जडणघडणीत या शेजाराचा वाटा किरकोळ मानता येत नाही.

शेजाराला साधनांची जोड दिली ती चित्रकार अकबर पदमसी यांनी. जवाहरलाल नेहरू फेलोशिपच्या पैशातून त्यांनी १९६९ मध्ये ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. चित्रकार, चित्रपट दिग्दर्शक, छायालेखक आणि मनोविश्लेषक तिथे एकत्र येत. दिग्दर्शक मणी कौल, कुमार शहानी यांचाही त्यात सहभाग होता. मलानी या गटातल्या सर्वांत तरुणांपैकी होत्या. कॅमेऱ्याशिवाय छायाचित्र करण्याची, म्हणजे फोटोग्रामची, रीत तशी जुनी. मान रे आणि मोहोली-नागी यांनी ती १९२० च्या दशकातच कलेत आणली होती. संवेदनशील कागदावर वस्तू ठेवून उजेड पाडला, की उजेड पोचेल तिथे कागद काळा होतो आणि अडेल तिथे पांढरा राहतो. मलानींनी या कार्यशाळेत ही रीत वापरून भिंती, कोपरे, पोकळ्या यांचा भास देणारे अवकाश रचले. १९६९ च्या ‘ड्रीम हाउसेस’ या लघुपटात पुठ्ठ्याची छोटी प्रतिरूपे आणि रंगीत प्रकाश आहे. आधुनिक वास्तुकला माणसाचे जगणे सुधारील, हा त्या पिढीचा विश्वास त्यात दिसतो. १९७६ मध्ये त्यांनी शहराच्या वस्तीकडे पाहणाऱ्या तरुणीचे कृष्णधवल चित्रण केले आणि दोन्ही लघुपट शेजारी शेजारी दाखवून ‘युटोपिया’ ही कृती सिद्ध केली. नेहरूकाळाच्या स्वप्नाची इतकी नेमकी तपासणी त्या दशकातील कलेत क्वचितच सापडते.

यावर पहिला आक्षेप असा, की चित्रकाराने फावल्या वेळात केलेल्या खटपटीला छायाचित्रणाच्या इतिहासात एवढी जागा कशाला? पण ‘ड्रीम हाउसेस’ सात वर्षांनी ‘युटोपिया’चा अर्धा भाग होते आणि प्रकाश-सावलीचा तोच विचार पुढे व्हिडिओ-छायानाट्यांत विस्तारतो. पन्नास वर्षे ज्यावर उभारणी झाली तो पाया आहे, त्याला फावल्या वेळचे काम म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे सगळे दक्षिण मुंबईतल्या इंग्रजी शिकलेल्या वर्तुळापुरते होते. ते खरे आहे. फिल्म, रसायने, कॅमेरे महाग असत, म्हणून तर सामायिक साधनांची गरज सर्वांत जास्त होती ती या वर्तुळाबाहेरच्यांना. आणि जागा मिळाली की काय होते, हे दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाने दाखवून दिले. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने तिथे समांतर मराठी रंगभूमीला घर दिले. छायाचित्रणाला असे छबिलदास मिळाले नाही.

त्याची किंमत मोठी होती. पदमसींचा कार्यशाळेचा उपक्रम काही वर्षांतच थांबला. त्यांच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या लघुपटाची एकमेव प्रत हरवली आणि २०१६ मध्ये दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांना त्याच नावाचा चित्रपट करून त्या हरवलेल्या कृतीचा शोध घ्यावा लागला. भुलाभाईत काम केलेल्या चित्रकार नसरीन मोहमदी यांनी आयुष्यभर छायाचित्रे काढली. सावल्यांच्या आणि रेषांच्या त्या प्रतिमा आज त्यांच्या रेखाटनांइतक्याच मोलाच्या मानल्या जातात. पण १९९० मध्ये त्या गेल्या तोवर ही छायाचित्रे लोकांसमोर मांडलीच गेली नव्हती. शेजार होता, प्रतिभा होती, कामही झाले. ते कला म्हणून पाहणारे दालन आणि जपणारा संग्रह तेवढा नव्हता.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, मग सामायिक जागा कशाला, असे विचारले जाईल. कॅमेरा स्वस्त झाला हे खरे. पण दुसऱ्या कलेतला, आपल्याशी वाद घालणारा शेजारी आणि विक्रीची घाई नसलेला वेळ हे दोन्ही पूर्वीपेक्षा दुर्मीळ झाले आहेत. महाराष्ट्रातील कला महाविद्यालयांनी आपल्या डार्करूम आणि संकलन-कक्ष संध्याकाळी बाहेरच्या कलावंतांना खुले करावेत. आणि साठ-सत्तरच्या दशकांतील निगेटिव्ह, फोटोग्राम, लघुपट ज्या घरांत पडून आहेत, तिथून ते सार्वजनिक संग्रहात आणण्याचे काम आत्ताच हाती घ्यावे. ती पिढी मावळते आहे आणि फिल्म फार वाट पाहत नाही.