समासातील संवाद : सामूहिक टिपणवाचनाच्या साधनांचा विचार

ग्रंथाच्या समासात टीप लिहिणे ही वाचकाची फार जुनी सवय आहे. अशी टीप बहुधा एकट्या वाचकापुरती राहते. ग्रंथ दुसऱ्याच्या हाती गेला तरच ती त्यास दिसते. अलीकडे उच्च शिक्षणात सामूहिक टिपणवाचनाची जी संगणकीय साधने आली आहेत, त्यांनी हा समास सर्व वर्गास खुला केला आहे. एकच पाठ सर्वांपुढे पडद्यावर असतो. विद्यार्थी त्यातील एखादा शब्द वा वाक्य निवडून त्यावर टीप लिहितो. ती टीप त्या स्थळाशी जोडलेली राहते व सहाध्यायी तेथेच तिला उत्तर देतात. २०११ साली ना-नफा तत्त्वावर सुरू झालेले ‘हायपॉथेसिस’ आणि हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर प्रभृती अध्यापकांच्या प्रयत्नांतून निर्माण झालेले ‘पेरुसॉल’ ही या साधनांची परिचित उदाहरणे होत. विद्यार्थ्यांस त्यांचा परिचय करून देताना सामान्यतः कळ कोठे दाबावी एवढेच सांगितले जाते. खरा प्रश्न त्यापूर्वीचा आहे. टीप कशास म्हणावे, हा तो प्रश्न होय.

आपल्या व्याकरणपरंपरेने त्याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. मूळ ग्रंथात जे सांगितले आहे, जे सांगावयाचे राहिले आहे आणि जे सदोष रीतीने सांगितले आहे, अशा तिहींचा विचार करणे हे वार्तिकाचे कार्य होय, अशी वार्तिकाची पारंपरिक व्याख्या आहे. कात्यायनाची पाणिनीच्या सूत्रांवरील वार्तिके आज उपलब्ध आहेत ती पतंजलीच्या महाभाष्यात. म्हणजे टीपेवर विचार करणारा पुढचा वाचक लाभला म्हणूनच ती टिकली. टीपेचे सार्थक पुढील वाचकाकडून होते, हे यावरून ध्यानी यावे.

मराठी व्याकरणाचा इतिहासही याच रीतीने घडला आहे. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या निबंधांतून त्यातील मतांचा परामर्श घेतला. आणि मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त पूर्वसूरींची मते पुन्हा तपासली. पाऊणशे वर्षांचा हा संवाद सामूहिक टिपणवाचनाचा उत्तम आदर्श होय.

समजा, वर्गापुढे विभक्तिविचाराचा पाठ ठेवला आहे. एक विद्यार्थी ‘महत्त्वाचे’ एवढेच लिहून थांबतो. ही खूण झाली, टीप नव्हे. दुसरा विचारतो की, द्वितीया व चतुर्थी यांचे ‘स, ला, ते’ हे प्रत्यय जर एकच आहेत, तर ‘तो रामाला मारतो’ आणि ‘तो रामाला आंबा देतो’ यांत विभक्तिभेद कशाच्या आधारे मानावयाचा? तिसरा दाखवून देतो की, ‘तो आंबा खातो’ या वाक्यात कर्मास प्रत्ययच नाही. चौथा ‘मला भूक लागली’ हे वाक्य पुढे ठेवतो. त्यातील ‘मला’ हे कर्मही नव्हे आणि दानाचा विषयही नव्हे. येथे उक्ताकडून अनुक्ताकडे वर्ग आपोआप गेला. विभक्तीचा निर्णय रूपावरून करावा की अर्थावरून, हा मूळ वाद अध्यापकाने न सांगता विद्यार्थ्यांच्या हाती आला. या साधनाचे खरे सामर्थ्य हे आहे.

मूळ पाठ आणि टीप वेगळी ठेवणे हा त्याचा दुसरा गुण होय. हस्तलिखितांच्या परंपरेत समासातील मजकूर नकलकाराच्या हातून पाठात शिरण्याचा धोका नेहमीच असे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्या पाठात कोणी आपली ओवी मिसळू नये असा इशारा दिला, तो याच जाणिवेने. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१७ साली मान्य केलेल्या टिपणाच्या प्रमाणरचनेत टीपेचा आशय आणि तिचे लक्ष्यस्थळ ही दोन स्वतंत्र अंगे मानली आहेत. हे स्थळ निवडलेल्या शब्दांवरून व त्यांच्या मागील-पुढील अक्षरांवरून ओळखता येते. मात्र देवनागरी पाठाच्या बाबतीत येथे दक्षता हवी. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दिसावयास एकच असला तरी दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. पाठाची एक प्रत जाऊन दुसरी आली की टीपेचे स्थळ हरवण्याचा संभव असतो. पृष्ठांची केवळ छायाचित्रे असतील तर शब्द निवडताच येत नाहीत. पाठ शुद्ध करून घेणे हे अध्यापकाचे पहिले काम ठरते.

गंभीर आक्षेप मात्र निराळा आहे. पेरुसॉलमध्ये टिपांना, वाचनात घालविलेल्या वेळाला व अशाच इतर गोष्टींना यांत्रिक रीतीने गुण देण्याची सोय आहे. मोठ्या वर्गात तिचा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु गुण मिळतात असे कळताच विद्यार्थी पाठासाठी न लिहिता मोजणाऱ्यासाठी लिहू लागतो. शिवाय वाचनात एक मौनाचा काळ असतो. अर्थ न लागणे, चुकीचा लागणे, तो मनाशीच दुरुस्त करणे या क्रिया इतरांच्या दृष्टीआड होतात म्हणूनच निर्भयपणे होतात. प्रत्येक अडखळणे वर्गासमोर आले तर बुजरा विद्यार्थी अडखळणेच लपवील. आणि जो अडखळत नाही तो वाचत नाही. दामल्यांना पूर्वसूरींच्या मतांवर विचार करण्यास अवधी मिळाला. आठवड्याच्या मुदतीत तो अवधी कसा द्यावयाचा, याचे उत्तर यंत्राजवळ नाही.

तेव्हा परिचयाचा क्रम उलट असावा. प्रथम पाठ एकट्याने वाचावा. हायपॉथेसिसमध्ये केवळ स्वतःपुरती टीप ठेवण्याची सोय आहे, तिचा उपयोग येथे व्हावा. त्यानंतर निवडक टिपा गटापुढे याव्यात. त्यांची संख्या न मोजता उक्त, अनुक्त व दुरुक्त यांपैकी कशाचा विचार झाला, एवढे अध्यापकाने पाहावे आणि ते स्वतः वाचून पाहावे. समास सर्वांचा झाला, हे इष्टच झाले. पण त्याचा हजेरीपट होऊ नये.